एक झाड, बारा फोटो

कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आपल्यापैकी कितीतरी जणींनी पाहिली असेल. पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला, नागपूर असं करत ती जिथे जाऊन थांबते ते गोंदिया. गाडीच्या पाटीवर हे नाव आपण नेहमी वाचतो, पण नागपूरच्या पुढे जायचा प्रसंग फार थोड्या जणींना येतो. भाचीला तिकडचं स्थळ आलं, नाहीतर ह्यांची बदली झाली, तरच!

तर मैत्रिणींनो, या वेळी आपण त्या शेवटच्या स्टेशनावर उतरू या. आणि तेही वाघ पाहायला नव्हे. वाघ दिसला तर आनंदच आहे, पण त्याच्या मर्जीवर आपली सहल कशाला सोपवायची? आपण जाणार आहोत झाडं पाहायला आणि त्यांचे फोटो काढायला. झाडं कशी, कधीही जा, आपली जागेवर असतात. निदान आजवर तरी होती.

"झाडाचे कसले फोटो काढायचे?" असं मनात आलं ना? मग जरा पुढे वाचा.

झाडीचा मुलूख

गोंदिया जिल्हा तसा वयाने लहान. १ मे १९९९ रोजी तो भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. पण हा सारा मुलूख मात्र जुना. पूर्व विदर्भातल्या या भागाला 'झाडीपट्टी' म्हणतात. इथल्या बोलीला झाडीबोली आणि दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर रंगणाऱ्या नाटकांना झाडीपट्टीची नाटकं. एखाद्या प्रदेशाला नदीचं, राजाचं, देवाचं नाव असतं. इथे मात्र झाडांवरूनच मुलूख ओळखला जातो! गोंदिया हे नावही गोंड लोकांवरून किंवा ते बाजारात आणत त्या गोंदावरून, म्हणजे डिंकावरून, पडलं असं सांगतात.

नवेगावचं राष्ट्रीय उद्यान १९७५ सालचं, नागझिऱ्याचं अभयारण्य १९७० सालचं. ही दोन्ही आणि त्यांच्या शेजारची जंगलं मिळून २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. नागझिऱ्याचं नाव तुम्हाला व्यंकटेश माडगूळकरांच्या त्याच नावाच्या पुस्तकामुळे ठाऊक असेल. जंगलात राहून त्यांनी पाहिलं, टिपलं आणि लिहिलं. नवेगावबांधचं नाव घराघरांत पोचवलं ते मारुती चितमपल्लींनी. वनखात्याच्या नोकरीतली त्यांची कितीतरी वर्षं या तळ्याकाठी गेली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते आपल्यातून गेले. झाडं आणि पाखरं यांची गावातली, रानातली नावं विचारून विचारून गोळा करावीत, हे मराठी वाचकाला त्यांनी शिकवलं. फोटो काढण्याआधी आपल्यालाही तेच करायचं आहे. आधी झाडाचं नाव विचारायचं, मग कॅमेरा काढायचा.

पाठीमागे उभं असलेलं झाड

आता आल्बमची गोष्ट. तुमच्या घरचा जुना आल्बम काढून बघा. त्यात झाडं खूप असतील, पण सगळी पाठीमागे. पुढे आपण ओळीने उभे, मधोमध आजी खुर्चीवर, आणि मागे कुठे आंब्याचा अर्धा बुंधा, कुठे नारळाचं नुसतं खोड. शेंडा तर कधी फोटोत मावलेलाच नसतो.

माझ्या माहेरच्या अंगणात एक कडुनिंब होता. रस्ता रुंद झाला तेव्हा तो गेला. पुढे एकदा आम्ही बहिणी जमलो आणि त्याचा फोटो शोधायला बसलो. मुंजीचे, लग्नाचे, डोहाळजेवणाचे पन्नासेक फोटो निघाले. प्रत्येकात कडुनिंब होता, पण पुरता एकातही नव्हता. पहिली फांदी कुठल्या बाजूला फुटली होती यावरून आमचा चक्क वाद झाला! ज्याच्या सावलीत आमची बाळपणं गेली, त्याचा चेहरा कुणालाच नीट आठवेना.

तेव्हापासून मी झाडांचे फोटो काढते. माणसांशिवाय, शेंड्यापासून मुळापर्यंत. तुम्ही म्हणाल, हे काय वेड! पण बेथ मून नावाच्या एका अमेरिकन बाईंनी जगातल्या जुन्यातल्या जुन्या झाडांचे फोटो काढण्यात चौदा वर्षं घालवली आणि त्यांचं पुस्तक २०१४ साली निघालं. माणसांची काढावीत तशी झाडांची 'पोर्ट्रेट' काढायची, हीच त्यांची कल्पना. आपल्याला चौदा वर्षं नको, चौदा देशही नको. एक वर्ष आणि एक झाड पुरेल.

ज्यांची ओळख स्वयंपाकघरातच आहे

गंमत म्हणजे झाडीपट्टीतली निम्मी झाडं आपल्या घरात आधीच आलेली असतात, फक्त आपण त्यांना ओळखत नाही.

श्रीखंडावर तुम्ही चारोळी पेरता ना? ती या रानातल्या चार नावाच्या झाडाची. लाखेच्या बांगड्या हौसेने घालता? लाखेचे किडे पोसले जातात ते पळसावर आणि कुसुमावर. कोशाची साडी कपाटात असेल तर ती उलगडून बघा. टसरची अळी ऐनाची आणि अर्जुनाची पानं खाऊन कोश विणते. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातलं आंधळगाव त्याच कोशाच्या विणकामासाठी ओळखलं जातं. म्हणजे आपण अंगावर मिरवतो ते मुळात ऐनाचं पान! आणि जेवणावळीतली पत्रावळ तर पळसाचीच.

पळसाचे दिवस फेब्रुवारी-मार्चचे. पानं गळून गेलेली आणि झाड नुसतं केशरी. धानाच्या बांध्या तेव्हा बऱ्याच ठिकाणी रिकाम्या, मातकट पडलेल्या असतात आणि त्यांच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हे केशरी झाड उभं. 'पळसाला पाने तीन' हे आपण सारखं म्हणतो, पण त्या काळ्या मखमलीसारख्या देठातून पाकळी कशी बाहेर येते, हे कधी जवळून पाहिलंय? लांबून एक फोटो काढा आणि मग अगदी जवळ जाऊन एकाच फुलाचा.

त्याच सुमारास काटेसावर लालभडक फुलते. मार्च-एप्रिलमध्ये कुसुमाला नवी पालवी येते, आणि ती हिरवी नाही, चांगली लाल असते. नवखी बाई लांबून फुलंच समजेल! एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस. मे महिना तेंदूच्या पानांचा. ती पानं खुडायला, त्यांची पुडकी बांधायला घरंच्या घरं रानात जातात. त्याच पानांच्या विड्या वळून गोंदिया-भंडाऱ्याकडच्या कितीतरी बायकांनी संसाराला हातभार लावला.

आणि फुलं, पालवी काहीच नसताना? तेव्हा साली बघा. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी भेगांची. अर्जुनाची गुळगुळीत आणि फिकी, तो बहुधा ओढ्याच्या काठाने भेटतो. कांडोळाची तर इतकी पांढरट, की चांदण्यात ते झाड एकटंच चमकतं. म्हणून कुणी त्याला भुताचं झाडही म्हणतात. लुगड्याचा पोत आपण बोटांनी ओळखतो, तशी सालीवरून झाडं ओळखायला शिका. एकदा नजर बसली, की पानगळीतलं रान ओकंबोकं वाटत नाही.

मोहाखालची बाई

या सगळ्यांत मोहाचं झाड मात्र वेगळं. मार्च-एप्रिलमध्ये त्याची फुलं रात्री, पहाटे गळतात. दाणेदार, मऊ, दुधी रंगाची, गोडसर वासाची. उजाडायच्या आत बायका टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात, नाहीतर गुरं, हरणं आणि अस्वलं आधी येतात. फुलं वेचायची, अंगणात वाळवायची, विकायची, थोडी घरात ठेवायची. पुढे फळांच्या बियांचं तेल निघतं. हंगामात या झाडाने हातात चार पैसे ठेवलेले असतात. त्यामुळे रानातलं झाड असलं तरी कोणतं कुणी वेचायचं, हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं.

नवेगावबांधच्या बाजूला एका सकाळी मी अशाच एका मोहाचा फोटो घ्यायला थांबले. खाली एक बाई वेचत होत्या. मी विचारलं, "काढू का फोटो?"

"काढा ना," त्या म्हणाल्या, "पन फुलावर पाय नोका देऊ, बाई."

मी लांबून वळसा घालून गेले. फोटो काढले आणि त्यांना दाखवले. मला वाटलं, त्या स्वतःला बघतील. त्यांनी बघितलं ते झाड. "सासू येचे, आता मी येचतो," असं म्हणत एका उघड्या फांदीवर त्यांनी बोट ठेवलं. "ही खांदी वाळून राहिली. मांगच्या सालचा फोटो असता तं दिसलं असतं, कधीपासून वाळली ते."

मैत्रिणींनो, झाडाचा फोटो कशासाठी काढायचा, याचं उत्तर मला त्या वाक्यात मिळालं. आपल्याला तो हौसेचा वाटतो. ज्या बाईचा हंगाम त्या झाडावर असतो, तिला तो तपासणीच्या कागदासारखा. आपण बाळाचं वजन महिन्याच्या महिन्याला मांडून ठेवतो ना, तसंच हे. एका फोटोने काहीच कळत नाही. त्याच जागेवरून पुन्हा काढला, तरच झाड वाढतंय की वाळतंय ते दिसतं.

मोहाखाली आणखी एक गोष्ट दिसेल. फुलं नीट वेचता यावीत म्हणून कुठे कुठे खालचा पाचोळा जाळतात, आणि ती आग कधी रानात पसरते. काही गावांत आता झाडाखाली जाळी बांधतात, म्हणजे फूलही स्वच्छ मिळतं आणि आगही लागत नाही. जळलेला बुंधा दिसला तर तोही टिपून ठेवा. सुंदर तेवढंच फोटोत घ्यावं, असा काही नेम नाही.

फोटो चांगला यावा म्हणून

भारी कॅमेरा मुळीच लागत नाही. घरात आहे तो, नाहीतर मोबाइल चालेल. मात्र तो तुमच्या हातात हवा! पूर्वी कॅमेरा म्हणजे पुरुषांचं खातं असायचं, आपण फक्त "जरा हसा" ऐकायचं. आता तसं नाही, तेव्हा संकोच सोडा. पुढच्या गोष्टी लक्षात ठेवल्या म्हणजे झालं.

वेळ सकाळची. सूर्य उगवल्यावर पहिला दीड-दोन तास, नाहीतर मावळतीआधीचा तास. भर दुपारी ऊन डोक्यावर असतं, सावल्या काळ्याकुट्ट पडतात आणि हिरवा रंग पांढुरका दिसतो.

उन्हाची बाजू बघा. साल टिपायची असेल तर ऊन एका बाजूने तिरपं पडू द्या, भेगा उठून दिसतात. कोवळी पालवी मात्र उन्हाकडे तोंड करून बघा. कुसुमाचं लाल पान पाठीमागून उजेड आला की काचेसारखं पेटतं. फक्त सूर्य एखाद्या फांदीआड राहील असं उभं राहा.

मागे मागे सरका. झाड पुरतं मावेपर्यंत पावलं मागे न्या. जवळ उभं राहून कॅमेरा वर तिरपा केला तर झाड मागे कलल्यासारखं दिसतं. बोटांनी चित्र मोठं करू नका, त्यापेक्षा आपणच चालत पुढे जा.

पाठीमागे काय आहे ते पाहा. दाट रानात एक झाड वेगळं काढणं कठीण, सगळंच हिरवं होतं. म्हणून तळ्याच्या काठचं, माळावरचं, धुऱ्यावरचं झाड निवडा. मागे पाणी किंवा आभाळ असलं की त्याची ठेवण स्वच्छ दिसते. डिसेंबर-जानेवारीत तळ्यावर धुकं असतं. ते तर मागची सगळी गर्दी आपोआप पुसून टाकतं.

माप म्हणून एक माणूस चालेल. बुंध्याशी एकच जण उभं राहू दे, म्हणजे घेर कळतो. अख्खं कुटुंब उभं केलंत की तो पुन्हा लग्नातला फोटो होईल!

आणि शेवटचं. आठवतं, अग्फा क्लिक थ्री नावाचा कॅमेरा कितीतरी घरांत असायचा? त्याच्या रोलमध्ये बाराच फोटो निघत. त्यामुळे बटण दाबण्याआधी घरात चर्चा व्हायची. आता मोजदाद नाही, म्हणून आपण शंभर काढतो आणि एकही बघत नाही. आपल्याजवळ बाराच आहेत असं समजा. म्हणजे आधी बघणं होईल, मग काढणं.

जाणार असाल तर

मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूर-पुण्याकडून महाराष्ट्र एक्सप्रेस, दोन्ही थेट गोंदियाला पोचतात. तिथून नवेगावबांध साधारण साठ-पासष्ट किलोमीटर. नागझिऱ्याला साकोलीकडूनही जाता येतं. पावसाळ्यात मुख्य जंगल पर्यटकांना बंद असतं. जंगलाच्या आत गाडीतून खाली उतरू देत नाहीत आणि मोबाइल आत नेण्यावरही हल्ली निर्बंध असतात, तेव्हा फाटकावर आधी चौकशी करा. नियम आहेत ते वाघाच्या आणि आपल्या भल्यासाठीच.

पण झाडांसाठी आत जायलाच हवं असं नाही. नवेगावबांधचं तळंच बघा. कोहळी समाजाने जुन्या काळी बांधलेलं आणि भोवती डोंगरांची रांग. असे तलाव बांधण्यात कोहळी मंडळींचा हात धरणारा नव्हता. माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखली जाणारी असली तळी जिल्हाभर आहेत. त्यांच्या पाळीवर आणि खेड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मोह, ऐन, पळस, अर्जुन पायी फिरून निवांत बघता येतात.

सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहा आहेत. माघ पौर्णिमेला तिथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, लांबलांबच्या राज्यांतून लोक येतात. ऐनाला तिकडे साजाही म्हणतात आणि त्या झाडात बडादेवाचा वास मानतात. म्हणून बुंध्याशी पूजा मांडलेली दिसली तर विचारल्याशिवाय फोटो घेऊ नका. आपल्या देवघरात कुणी परक्याने येऊन असंच बटण दाबलं तर आपल्याला आवडेल का?

बाकी तयारी आपली नेहमीचीच. पायांत पूर्ण बूट, मळखाऊ रंगाचे सुती कपडे, डोक्याला रुमाल, पाणी भरपूर. चिवडा-लाडू न्या, पण प्लॅस्टिकची पिशवी परत घरी आणा.

आणि घराजवळचं झाड

गोंदिया सगळ्यांनाच जमेल असं नाही. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं दुखणं, रजा, सगळं जुळावं लागतं. तोवर थांबू नका. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी एखादा पिंपळ असेल, शाळेच्या आवारात चिंच असेल, वाण्याच्या दुकानासमोर गुलमोहर असेल. त्यातलं एक निवडा. रस्त्यावर एक जागा ठरवा, विजेचा खांब नाहीतर एखादी पायरी, म्हणजे दर वेळी तिथूनच काढता येईल. महिन्यातला एक दिवस ठरवा. संकष्टीचा धरलात तर विसरायला होणार नाही!

दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र' लिहिलं १९५६ साली. बारा महिने, आणि प्रत्येक महिन्यात निसर्ग काय करतो ते. आपल्याला दुर्गाबाईंसारखं लिहिता येणार नाही, पण बघता तर येईल. वर्षअखेर बारा फोटो धुऊन आणा. मागे तारीख, जागा, झाडाचं नाव लिहा. नाव येत नसेल तर शेजारच्या आजींना विचारा, त्यांना हमखास येतं. मग कपाटाच्या दाराला आतून ओळीने चिकटवा. मुलांना सांगा, यातला पानगळीचा कुठला, पालवीचा कुठला ते ओळखा.

पुढे कधी त्या झाडावर कुऱ्हाड चालवायची वेळ आली, तर नगरपालिकेत अर्जासोबत लावायला तुमच्याजवळ बारा महिन्यांचा पुरावा असेल. झाड वठलेलं आहे, असं मग कुणाला सहज म्हणता येणार नाही. आणि वेळ आली नाही तर फारच चांगलं. दुसऱ्या वर्षी त्याच पायरीवर उभं राहून तेरावा फोटो काढा आणि पहिल्याशेजारी ठेवा. एका वर्षात किती वाढलं ते स्वतःच बघा.